काज, बाही आणि नानांची चारी

आमचा नातू जळगावात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवा तो प्रोजेक्टसाठी विषय शोधत बसला होता. मी सहज म्हटले, "अरे, रक्तवाहिनीत बसवतात त्या नळीवर काहीतरी कर. नानाआजोबांच्या पोटात आहे ना, तसली." त्याने मोबाईलमधून मान वर न काढता उत्तर दिले, "आबा, स्टेंटमध्ये आता काय राहिलंय? ते तर कधीच झालंय."

काय राहिलंय हे त्याला तोंडी सांगायला गेलो तर तो पाच मिनिटांत उठून जाईल. म्हणून इथे लिहितो आहे. निदान त्याची आई वाचेल आणि जेवताना त्याला ऐकवेल. (सूनबाई, वाचते आहेस ना?)

आधीच सांगून टाकतो, मी मराठी आणि इतिहास शिकवणारा मास्तर. जुन्या अकरावीला शास्त्रात काठावर पास झालो आणि तो विषय तिथेच सोडला. पण गेल्या काही वर्षांत एका रक्तवाहिनीपायी इतक्या डॉक्टरांसमोर बसलो, इतके कागद वाचले, की या एका बाबतीत मला माझ्या कुवतीपेक्षा जास्त कळते असे घरचे म्हणतात. कुठे चुकलो तर डॉक्टर मंडळींनी खुशाल कान धरावा.

तर नाना. माझे थोरले बंधू. साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी आमचे गाव, तिथेच त्यांची सगळी हयात शेतीत गेली. चाळीस वर्षे बिडी ओढली, हेही इथेच नोंदवतो, कारण या दुखण्यात बिडीचा हात मोठा असतो. २०१९ च्या जानेवारीत लघवीच्या त्रासासाठी पुतण्याने त्यांना धुळ्याला सोनोग्राफीला नेले. मीही जळगावहून गेलो होतो. तपासणारा डॉक्टर तरुण होता. प्रोस्टेट पाहून झाले, तरी त्याचा हात नानांच्या बेंबीच्या वर घुटमळत राहिला. त्याने विचारले, "बाबा, पोटात कधी धडधडल्यासारखं होतं का?" नाना म्हणाले, "भूक लागल्यावर होतं." आम्ही हसलो. डॉक्टर हसला नाही.

हृदयातून निघालेली महाधमनी छातीतून पोटात उतरते. पोटात तिची रुंदी साधारण दोन सेंटिमीटर असते. तीनच्या पुढे गेली की फुगा म्हणायचे, साडेपाचच्या आसपास गेली की उपाय करायचा, असा ढोबळ हिशेब आहे. नानांची सहाच्या वर होती. दुखत काही नव्हते. हा फुगा दुखत नाही, एक दिवस एकदम फुटतो, आणि फुटल्यावर पुष्कळ माणसे दवाखान्यापर्यंतही पोचत नाहीत. आइन्स्टाईन याच दुखण्याने गेले. १९४८ मध्ये रुडॉल्फ निसेन नावाच्या सर्जनने त्यांच्या फुग्याभोवती सेलोफेन गुंडाळले होते, आपण भेटवस्तूला गुंडाळतो तो कागद! हेतू असा की त्याने भोवती जाड कवच तयार व्हावे. त्यावर त्यांची सहाहून अधिक वर्षे निघाली. १९५५ च्या एप्रिलमध्ये फुगा फुटला तेव्हा त्यांनी शस्त्रक्रियेला नकार दिला.

पुढच्या तपासण्यांसाठी आम्ही मुंबईला एका मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या सर्जननी कागदावर चित्र काढले. मधे एक जाड रेघ, तिला खाली दोन फाटे, आणि मधूनच बाजूला निघालेल्या चार बारीक रेघा. एक जठराकडे आणि यकृताकडे जाणारी, एक आतड्यांकडे, आणि डाव्या-उजव्या मूत्रपिंडाला एकेक. जाड रेघेवर त्यांनी मधोमध गोल फुगा काढला आणि म्हणाले, या फुग्याच्या आतून आपण कापडाची नळी टाकू. मांडीतल्या वाहिनीतून घडी करून वर न्यायची आणि आत उघडायची. मग रक्त नळीतून जाईल, फुग्यावर दाब राहणार नाही.

नाना बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिले आणि मला म्हणाले, "मंग चारीस्ले पानी कथाईन भेटी?"

सर्जनना अहिराणी येत नव्हती. मी भाषांतर केले, मग चाऱ्यांना पाणी कुठून मिळणार? सर्जननी पेन खाली ठेवले आणि म्हणाले, "बरोबर. सगळी अडचण तीच आहे."

आमच्या भागातली फड पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना नानांना हे का सुचले ते लगेच कळेल. पांझरा नदीवर जागोजाग बंधारे आहेत. बंधाऱ्यापासून पाट निघतो, पाटाला चाऱ्या फुटतात, चारीतून पाणी फडात जाते. शेकडो वर्षे गावानेच हे चालवले. पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागल्या, जास्तीचे पाणी नदीत परत सोडायला सांडवा. यातला नियम असा की पाट दुरुस्त करताना एकाही चारीचे तोंड बुजता कामा नये. बुजले तर खालच्या फडातला माणूस उपाशी. नानांनी तरुणपणी पाटकऱ्यामागे फिरून हे सगळे शिकून घेतले होते. (विश्वेश्वरय्यांची नोकरीची सुरुवातही इकडेच झाली बरं का. १८८४ च्या सुमारास खानदेशात असताना पांझरेच्या पाटावर पाईपचा सायफन बसवण्याचे काम त्यांच्याकडे होते. म्हणजे मोठमोठ्यांनी आमच्या पाटांवर डोके लावले आहे!)

आता थोडा इतिहास सांगतो, सवय जात नाही.

पोट उघडून फुगा काढायचा आणि त्या जागी दुसरी वाहिनी शिवायची, हे पॅरिसच्या शार्ल दुबॉस्त यांनी १९५१ मध्ये करून दाखवले. तेव्हा मृत माणसाच्या शरीरातली धमनी वापरली होती. पुढे कापड आले. अमेरिकेतले मायकेल डिबेकी ह्यूस्टनच्या एका मोठ्या दुकानात नायलॉन आणायला गेले, ते संपले होते, म्हणून डॅक्रॉन घेऊन आले आणि बायकोच्या शिवणयंत्रावर त्याच्या नळ्या शिवल्या. आजही जगभर याच जातीचे कापड वापरतात. पोट न उघडता आतून नळी टाकायची कल्पना प्रत्यक्षात आणणारे पहिले म्हणून बहुतेक ठिकाणी अर्जेंटिनाच्या हुआन पारोदी यांचे नाव सापडते, ब्युनोस आयर्स, सप्टेंबर १९९०. पण त्याच्या तीन वर्षे आधी, १९८७ मध्ये, तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या खारकीव्ह शहरात निकोलाय वोलोदोस यांनी छातीतल्या महाधमनीत अशी नळी बसवली होती. त्यांनी लिहिले रशियन भाषेत, त्यामुळे जगाला ते फार उशिरा कळले. मराठीत बी.ए. झालेल्या माणसाला ही गोष्ट जरा जास्तच लागते. असो.

या नळीला स्टेंट ग्राफ्ट म्हणतात. हृदयात बसवतात तो स्टेंट म्हणजे नुसती धातूची जाळी. स्टेंट ग्राफ्ट म्हणजे जाळी अधिक कापड. जाळी बऱ्याचदा निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची, नायटिनॉलची असते. तो थंडीत दाबून बारीक केला तरी अंगाच्या उबेत आपला मूळ आकार घेतो.

फुगा मूत्रपिंडांच्या वाहिन्यांच्या बराच खाली असेल तर काम सोपे. महाधमनी खाली दोन पायांकडे दुभंगते, म्हणून नळीही दोन पायांची लागते. आपला लेंगाच म्हणा ना! पण अख्खा लेंगा एका मांडीतून आत घालून दोन्ही पाय जागेवर बसवणे कठीण. म्हणून एक पाय पूर्ण आणि दुसरा आखूड ठेवतात आणि तो दुसऱ्या मांडीतून नेऊन आतल्या आत जोडतात. ही युक्ती मला फार आवडली. आमच्या गावचा शिंपी खूश झाला असता.

नानांचा फुगा मात्र वर चढलेला होता. चारही चाऱ्या त्याच्या पट्ट्यात येत होत्या. साधी नळी टाकली असती तर फुगा वाचला असता आणि आतडी, मूत्रपिंडे गेली असती. अशा ठिकाणी दोन उपाय आहेत, आणि दोन्ही पुन्हा शिंप्याच्याच भाषेत सांगता येतात. एक काज आणि दुसरा बाही.

काज म्हणजे नळीच्या कापडाला बरोबर चारीच्या तोंडासमोर भोक पाडायचे, भोवती धातूची कड लावायची आणि त्यातून लहान कापडी स्टेंट चारीत सरकवायचा. नळी आणि धमनीची भिंत अगदी लागून असेल तिथे हे छान बसते. पण भोक दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी गडबड. जिथे फुगा रुंद आहे, म्हणजे नळी आणि चारीचे तोंड यांच्यात पोकळी आहे, तिथे काज उपयोगाचे नाही. तिथे नळीला लहानशी बाही शिवतात आणि बाहीपासून चारीपर्यंत मधला पूल म्हणून दुसरा स्टेंट घालतात. बाहीला हलवायला जागा असल्यामुळे माप थोडे चुकले तरी निभावते. पण पूल लांब पडतो, आणि तो पोकळीत लोंबत राहतो. हल्ली बाही आतल्या बाजूला वळवून शिवण्याचाही प्रकार निघाला आहे, जागा अरुंद असेल तेव्हा बरा पडतो म्हणतात.

शिवाय पाठीमागून निघणाऱ्या बारीक वाहिन्या वेगळ्याच. त्या मणक्यातल्या मज्जारज्जूला रक्त देतात. नळी लांब टाकली की त्या झाकल्या जातात आणि माणसाचे पाय लुळे पडू शकतात. त्यांना ना काज करता येते ना बाही. सर्जननी हे सांगितले तेव्हा पुतण्याने माझा हात घट्ट धरला होता ते आठवते.

नानांची नळी मापाने शिवून घ्यावी लागली. सीटी स्कॅनवरून माप काढायचे, ते परदेशातल्या कारखान्यात जायचे, तिथे हाताने शिवायचे आणि मग इकडे पाठवायचे. दोन महिन्यांच्या वर गेले. सहा सेंटिमीटरचा फुगा पोटात घेऊन नाना अंगणात बसलेले, आणि आम्ही कोणी त्यांना मोठ्याने हसू देत नव्हतो की खोकू देत नव्हतो. वहिनी रात्री उठून त्यांच्या नाकाजवळ हात धरून पाहायच्या. खर्च किती ते लिहीत नाही. आमच्या गावात चांगले घर बांधता येईल एवढा झाला. एक शेत गेले.

आणि त्या शेताचा निर्णय बऱ्याच अंशी माझ्या शब्दावर झाला, म्हणून हे लिहायला मला जड जाते आहे. घरात दोन तट होते. नानांचे फुफ्फुस बिडीने खराब, पोट उघडून शस्त्रक्रिया झेपणार नाही असे डॉक्टरांचेच मत होते. पुतण्या म्हणत होता, मग काहीच करू नये, जेवढे दिवस आहेत तेवढे सुखाने जाऊ द्या. मी शिकलेला काका. मी पेपरमधली कात्रणे दाखवली. पोट न उघडता, चार दिवसांत घरी, नवे तंत्र. एखाद्या विक्रेत्यासारखा बोललो. एक प्रश्न मी विचारला नाही, की पाच वर्षांनी या बाह्यांचे काय होते?

शस्त्रक्रिया चांगली झाली. आठवड्याभरात नाना घरी आले, पाय शाबूत, जेवण शाबूत. दर वर्षी सीटी स्कॅन करायचा असे बजावले होते. २०२० चा स्कॅन कोरोनात राहिला. २०२१ च्या उन्हाळ्यात दुसरी लाट, तेव्हा तर धुळ्यापर्यंत जायचीही सोय नव्हती. दिवाळीच्या सुमारास स्कॅन झाला तेव्हा डाव्या मूत्रपिंडाची बाही पूर्ण बंद झालेली दिसली. ते मूत्रपिंड आक्रसून गेले होते. कधी बंद झाली कुणास ठाऊक. नाना म्हणाले एकदा कमरेत दुखले होते, शेतात वाकल्यामुळे असेल म्हणून तेल लावले.

मला वाटले आमच्याच नशिबी आले. नंतर वाचत गेलो तेव्हा कळले की खाली तोंड केलेल्या बाह्यांमध्ये मूत्रपिंडाचीच बाही बंद पडण्याचे प्रमाण आतड्याच्या बाहीपेक्षा जास्त असते, हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. कारणही समजण्यासारखे आहे. आतड्याची वाहिनी खालच्या दिशेने उतरते, बाहीतून आलेला स्टेंट तिच्यात सरळ जातो. मूत्रपिंडाची वाहिनी आडवी निघते, कधी जरा वरसुद्धा जाते. वरून आलेल्या स्टेंटला तिथे वळावे लागते. त्यात मूत्रपिंड स्थिर नसते. आपण श्वास घेतला की ते सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर खाली सरकते, सोडला की वर येते. मिनिटाला पंधरा श्वास धरले तर दिवसाला २१,६०० आणि वर्षाला जवळजवळ ७९ लाख वेळा. स्टेंटचे टोक जिथे संपते आणि नरम वाहिनी सुरू होते, नेमकी तिथे ती दर वेळी मोडल्यासारखी वाकते. कारखान्यात हृदयाच्या ठोक्यांचा हिशेब धरून दहा वर्षांचे, म्हणजे चाळीस कोटींच्या आसपास, हिसके यंत्रावर देऊन नळी तपासण्याची पद्धत आहे. श्वासाचा हिशेब मात्र बराच उशिरा आला.

माझा एक जुना विद्यार्थी इथे जळगावात एका पाईप कंपनीत आहे. त्याला हे सगळे सांगितले. तो म्हणाला, "सर, आमच्याकडे पण तेच. सबमेन कधी फुटत नाही. तक्रार येते ती टेक-ऑफची." ठिबकवाल्यांना माहीत आहे, सबमेनला भोक पाडून रबरी ग्रोमेट बसवतात, त्यात टेक-ऑफ घालतात आणि त्याला लॅटरल जोडतात. भोक वाकडे पडले की गळती, लॅटरल ओढली गेली की मुरड. काज आणि बाही, दुसरे काय! भवरलाल जैनांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ठिबक इकडे रुजवले तेव्हा परदेशी मोठ्या मळ्यांसाठी केलेली वस्तू आपल्या दोन-चार एकरांच्या तुकड्यांना, आपल्या गढूळ पाण्याला आणि आपल्या खिशाला बसेल अशी करावी लागली. त्यातून केळीचे काय झाले ते जळगावकरांना सांगायला नको.

तेच या नळ्यांच्या बाबतीत का होऊ नये, असे मला वाटते. आपल्याकडच्या पुष्कळ माणसांच्या, विशेषतः बायकांच्या, मांडीतल्या वाहिन्या बारीक असतात. घडी केलेली नळी ज्या वेष्टनातून वर न्यायची ते वेष्टन त्यात शिरतच नाही. म्हणजे फुगा नळीने बरा होण्यासारखा असूनही दारातूनच परत. पातळ कापड, बारीक घडी यावर काम झाले तर आमच्याकडच्या कितीतरी जणांना उपयोग होईल.

तयार मापाच्या नळ्या आता आल्या आहेत. चार बाह्यांची एक नळी युरोपात २०१२ पासून मिळते, अमेरिकेत दुसऱ्या एका कंपनीच्या तशाच नळीला जानेवारी २०२४ मध्ये परवानगी मिळाली. तयार सदऱ्यासारखे, बसले तर लगेच घाला. ज्याला दोन महिने थांबायला वेळ नाही त्याच्यासाठी हा मोठाच आधार आहे. काही सर्जन तर दुकानातली साधी नळी मागवून शस्त्रक्रियेच्या टेबलावरच तिला काजे पाडतात आणि पुन्हा घडी करून बसवतात. जीव वाचवायला हे करावे लागते हे मला मान्य आहे. पण यातला प्रत्येक प्रकार मोजला जातो तो पहिल्या महिन्याच्या फुटपट्टीने, आणि माझा आक्षेप इथेच आहे.

आपल्या वर्तमानपत्रांत बातमी येते, अमुक शहरातली पहिली शस्त्रक्रिया यशस्वी, रुग्ण चौथ्या दिवशी घरी, शेजारी हसणारे डॉक्टर. मी स्वतः अशीच कात्रणे नाचवली. त्याच रुग्णाची पाचव्या वर्षाची बातमी मी कधी वाचलेली नाही. इंग्लंडमध्ये त्यांनी चिकाटीने हे केले. साध्या, दोन पायांच्या नळीचे १,२५२ रुग्ण १९९९ पासून घेतले, निम्म्यांना नळी आणि निम्म्यांना पोट उघडून शस्त्रक्रिया, आणि पंधरा वर्षे त्यांच्या मागे राहिले. २०१६ मध्ये निकाल आला. सुरुवातीला नळीवाल्यांचे मृत्यू स्पष्टपणे कमी, पण आठ वर्षांनंतर चित्र उलटे. गळतीमुळे फुगा पुन्हा वाढून फुटण्याचे प्रकार नळीवाल्यांत जास्त. ही साध्या नळीची कथा. चार बाह्यांच्या नळीत तर सांधे किती वाढले! वयस्कर माणसाला आठ वर्षे मिळाली तरी पुष्कळ, असे कोणी म्हणेल, आणि नानांच्या बाबतीत ते खरेही आहे. पण साठीतल्या माणसाला तीच नळी घालताना हे त्याला सांगायला नको का?

दुसरी गोष्ट खिशाची. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने हृदयाच्या स्टेंटची कमाल किंमत ठरवली, साधा ७,२६० रुपये आणि औषधाचा २९,६०० रुपये. किती घरे वाचली त्याने. पण ती हृदयापुरती. महाधमनीच्या या नळ्यांना ते लागू नव्हते. किंमत बांधून दिली तर आयातदार मालच आणणार नाहीत अशी भीती दाखवली जाते. असेलही. पण मग त्याला उत्तर एकच, की वस्तू इथे व्हावी. आणि होत नाही असेही नाही. तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने हृदयाची झडप तयार केली, ती १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसली. त्याच संस्थेने बेंगळुरूच्या विमानविद्येच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेबरोबर नायटिनॉलची एक बारीक जाळी तयार केली आहे, मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या फुग्यासाठी. २०२० मध्ये तिचे तंत्र पुण्याच्या बायोरॅड मेडिसिस या कंपनीकडे द्यायचे ठरले. या जाळीची गंमत अशी की तिला कापड नाही. फुग्याच्या तोंडावरून जाताना ती प्रवाह मंद करते, पण शेजारच्या लहान फांद्यांना रक्त जाळीतून मिळत राहते. महाधमनीत रक्ताचा जोर वेगळा आहे, तिथे हे जसेच्या तसे चालणार नाही एवढे मलाही कळते. पण फांदी न बुजवता फुगा शांत करायचा, या विचारावर पुण्यात माणसे काम करत आहेत ही बातमी मला चार दिवसांत घरी जाणाऱ्या रुग्णापेक्षा मोठी वाटली.

आणि तिसरे, जे मला सगळ्यात जवळचे. नळी घातल्यावर आयुष्यभर तपासणी आली. मुंबईकराला ठीक आहे. साक्रीच्या माणसाला त्यासाठी धुळ्याला जायचे, स्कॅनची सीडी घेऊन रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मुंबई गाठायची, दुपारपर्यंत बाकावर बसायचे आणि पुन्हा रात्रीची गाडी. ज्याच्याबरोबर शिकलेला काका नाही तो दुसऱ्या वर्षी जातच नाही. त्यात सीटीचे रंगीत औषध मूत्रपिंडाला जड. नानांकडे एकच उरले आहे. म्हणजे नळी तपासायची तर मूत्रपिंड पणाला लावायचे, आणि नाही तपासली तर मूत्रपिंडाची चारी कधी बुजेल ते कळणार नाही. ज्या बाहीतला प्रवाह तालुक्याच्या गावी साध्या सोनोग्राफीवर नीट दिसेल, जी एखादे वर्ष तपासणी चुकली तरी दम धरेल, ती बाही चांगली, असे मी म्हणेन. कारखान्यातल्या लोकांना ही फुटपट्टी कोणी दिलेली दिसत नाही, कारण त्यांच्या दारात साक्रीचा माणूस कधी उभा राहिलेला नाही.

हे सगळे मी आमच्या सर्जनना एकदा बोलून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, "मास्तर, तुमचं बरोबर आहे. पण २०१९ ला नळी घातली नसती तर आज आपण हे बोलायला बसलो नसतो." याला माझ्याकडे उत्तर नाही. शेत गेले, मूत्रपिंड गेले आणि नाना ८१ वर्षांचे होऊन अंगणात बसले आहेत, या तीन गोष्टींची बेरीज-वजाबाकी मला अजून जमलेली नाही. पुतण्याला जमली आहे बहुतेक. तो त्या विषयावर माझ्याशी बोलत नाही, पण मी गावी गेलो की स्टेशनवर घ्यायला येतो.

जाता जाता वाचकांतल्या साठी ओलांडलेल्या मंडळींना, त्यातही बिडी-सिगरेट ओढलेल्यांना, एक विनंती. कुठल्याही कारणाने पोटाची सोनोग्राफी कराल तेव्हा डॉक्टरांना महाधमनीची रुंदीही मोजायला सांगा. इंग्लंडमध्ये प्रत्येक पुरुषाला ६५ व्या वर्षी यासाठी बोलावतात. आपल्याकडे बोलावत नाहीत, आपणच विचारायचे.

मागच्या आठवड्यात नातवाला घेऊन साक्रीला गेलो होतो. नानांनी त्याला पाटावर नेले, काठीने एकेक चारी दाखवली. कुठली कधी बुजली, कुणी उकरली, सगळे तोंडपाठ. पोराने विचारले, "नानाआजोबा, पोटातली चारी बंद पडली तेव्हा काही कळलं नाही?" नाना म्हणाले, "एक बंद पडनी. दुसरी चालू शे ना!" आणि पुढे चालू लागले. नातू परतताना गाडीत गप्प होता. जळगाव यायच्या आधी त्याने मला विचारले की श्वास घेताना मूत्रपिंड नक्की किती सरकते, आणि ते मोजतात कसे. मला सांगता आले नाही. नानांची पुढची तपासणी पोळ्यानंतर आहे, तेव्हा त्यालाच बरोबर नेणार आहे. सीडीचे पाकीट या वेळी त्याच्याकडे दिले आहे.